शेती शिकायला कॉलेज कशाला?



स्मरणिकेसाठी बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या उतरल्या आहेत. मी वेगळा विषय घेतो. आपल्या बॅचमध्ये कुणी शिक्षक झालं, कुणी पोलिसात गेलं, कुणी पुण्या-मुंबईला कारखान्यात लागलं, निम्म्याहून अधिक गावातच शेती करत राहिले. शेतकीची पदवी घेणारे आम्ही दोघेच. आता मुलांचं, काहींच्या नातवंडांचंही शिक्षण बघायची वेळ आली, तेव्हा एक प्रश्न मला वारंवार येतो : "पोरीला बी.एस्सी. अ‍ॅग्रीला घालू का? शेतीत डिग्री घेऊन शेवटी होतं काय?" याच प्रश्नाचं खेडवळ रूप माझ्या वडिलांनी १९८६ साली विचारलं होतं, "नांगर धराय कागुद लागतो व्हय?"

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही, कारण हा प्रश्न आपल्या घरातला असला तरी त्याचं वय जवळजवळ दीडशे वर्षं आहे. ही पदवी कुणी, कशासाठी सुरू केली आणि ती आपल्यासारख्यांच्या घरापर्यंत कशी आली हे एकदा नीट कळलं, तर निर्णय घ्यायला सोपं जाईल. म्हणून हा थोडा इतिहास.

दुष्काळातून निघालेला वर्ग

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. आपला सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. त्यानंतर सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये सुचवलं की, प्रत्येक प्रांतात शेतीसाठी स्वतंत्र खातं असावं. पण त्याच्या आधीच, १८७९ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतकीचा वर्ग सुरू झाला होता. हेच ते पुढचं इंजिनिअरिंग कॉलेज. म्हणजे आपल्याकडे शेतकीचं उच्च शिक्षण सुरू झालं ते इंजिनिअरिंगच्या ओसरीवर. मद्रासकडे सैदापेठला शेतकी शाळा होती, नागपूरला १८८८ च्या सुमारास वर्ग निघाला. सुरुवातीला मिळायची ती पदविका. पदवी मागाहून आली.

आता या वर्गातून माणसं तयार करायची ती कशासाठी? सरकारला महसूल हवा होता. दुष्काळ पडला की महसूल बुडत होता. पिकांची नोंद ठेवणारे, जमिनीची प्रत जाणणारे, सरकारी प्रयोगक्षेत्रावर देखरेख करणारे अधिकारी हवे होते. शेतकऱ्याच्या पोराने शिकून परत बांधावर जावं, असा हेतू असलाच तर दुय्यम होता. इंग्रजीतून शिकवला जाणारा हा अभ्यास घ्यायला मॅट्रिकपर्यंत पोचलेला शेतकऱ्याचा मुलगा त्या काळी सापडणार तरी कुठे?

नेमकं याच गोष्टीवर त्या वेळी एका माणसाने बोट ठेवलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी सांगितलं की, सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ते एवढ्यावर थांबले नाहीत. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं, आणि गावच्या शाळेला जोडून एक लहानसं नमुन्याचं शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकता येईल, अशी सूचना त्यांनी केली. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. सरकारने वरून कॉलेज काढलं. फुले खालून, गावच्या शाळेपासून सुरुवात करा म्हणत होते. ही दोन टोकं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यामधल्या अंतराची आहे.

साहेब शेतकऱ्याकडून काय शिकले

सरकारने १८८९ मध्ये डॉ. व्होएल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला विलायतेहून बोलावलं. हिंदुस्थानची शेती सुधारायची कशी, हे त्यांनी सांगायचं होतं. वर्षभराहून अधिक काळ ते देशभर हिंडले. १८९३ च्या त्यांच्या अहवालातली एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. इथला चांगला शेतकरी इंग्लंडमधल्या सर्वसाधारण शेतकऱ्याइतकाच तरबेज आहे, काही बाबतींत त्याच्यापेक्षा सरस आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. कमी आहे ती पाण्याची, खताची, भांडवलाची. शेण चुलीत जळतं कारण सरपण नाही, हेही त्यांनी मांडलं. 'अडाणी शेतकऱ्याला शहाणं करायचं' ही भाषा आमच्या खात्यात मी नोकरीभर ऐकली. पण खात्याच्या जन्माच्या वेळीच एका साहेबाने ती खोडून ठेवली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शिक्षणाला जोर आला. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या देणगीतून संशोधन संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत कोसळली आणि संस्था दिल्लीला गेली. दिल्लीच्या 'पुसा' या नावामागे बिहारमधलं ते गाव आहे. शतकाच्या त्या पहिल्याच दशकात नागपूर, कानपूर, ल्यालपूर, कोइमतूर अशी शेतकी कॉलेजं निघाली. पुण्याचा वर्गही इंजिनिअरिंगच्या ओसरीवरून उठून शिवाजीनगरला, तेव्हाच्या भांबुर्ड्याला, स्वतंत्र कॉलेज म्हणून स्थिरावला.

त्या कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांचं नाव आमच्या पिढीने फक्त परीक्षेपुरतं ऐकलं. त्यांचं काम खरं तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत असायला हवं. मान रसायनशास्त्राचे माणूस, आधी आसामात चहाच्या संशोधनावर होते. पुण्याला आल्यावर त्यांनी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घेऊन जवळचं एक गाव निवडलं आणि तिथल्या जमिनी, खातेदार, कर्ज, खाणंपिणं या सगळ्याचा घरोघर फिरून हिशेब मांडला. ते गाव पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आहेत आणि आपल्यातल्या काहींच्या मुलांचे फ्लॅटही असतील. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मान यांनी जुने दप्तर तपासून दाखवलं की, १७७१ मध्ये त्या गावात एका खात्याची सरासरी जमीन ४० एकर होती, १८१८ च्या सुमारास ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ पर्यंत सात एकरांवर.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्या घरचा सात-बारा डोळ्यांपुढे आला. आजोबांची अठ्ठावीस एकर. वडील चौघे भाऊ, वाट्याला सात. आम्ही दोघे भाऊ, साडेतीन. मान यांच्या गावाला दीडशे वर्षं लागली ते आमच्या घरात दोन पिढ्यांत झालं. माझ्या वडिलांनी मला कॉलेजला पाठवलं ते 'कागुद' पटला म्हणून नव्हे, साडेतीन एकरांत दोन चुली पेटणार नाहीत हा हिशेब त्यांना कळत होता म्हणून. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शिक्षणामागे हाच हिशेब होता.

कॉलेजमधून काही थेट शेतापर्यंत पोचलं का? पोचलं. मान यांच्याबरोबर दुसऱ्या गावाचा, जातेगाव बुद्रुकचा, अभ्यास करणारे ना. वि. कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनात उतरले. आधी मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रावर हे काम चाललं. बांध घालून पाणी अडवा, शेणखत घाला, बी विरळ पेरा, कोळपण्या वेळेवर द्या, या साध्या गोष्टी त्यांनी मापून सिद्ध केल्या. आपल्या हुरड्याची आणि भाकरीची मालदांडी, म्हणजे कागदोपत्री एम ३५-१, हीसुद्धा मोहोळच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्याच गावठी मालदांडीतून निवडून काढलेली. बियाणं शेतकऱ्याचं, निवड शास्त्राची. शेतकीच्या पदवीचं सगळ्यात चांगलं रूप कोणतं, असं विचारलंत तर मी मालदांडीकडे बोट दाखवीन.

एक वर्धेकर मेक्सिकोत

इथे एका माणसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या ध्यासाने अमेरिकेत गेले, गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाले आणि तिथे शिकले काय, तर शेतकी. पुढे मायदेशाची दारं बंद झाल्यावर ते मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. शेतकीची पदवी घेऊन माणूस फक्त साहेब होतो, असं कुणी म्हणालं तर मी हे नाव सांगतो. पण अशी माणसं मोजकीच.

कारण दरम्यान इथे उलटंच घडत होतं. १९२८ च्या रॉयल कमिशनपुढेही ही तक्रार होती की, शेतकी पदवीधर सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसतात. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण पाठ केली. शेतकीच्या पदवीने मात्र तिचा क्रम उलटा केला होता.

विद्यापीठ मागण्यासाठी रस्त्यावर

स्वातंत्र्यानंतर धान्य बाहेरून आणावं लागत होतं आणि शेतकी शिक्षणाकडे नव्याने बघितलं गेलं. अमेरिकेत १८६२ च्या एका कायद्याने प्रत्येक राज्याला जमिनी देऊन शेतकी कॉलेजं काढली होती. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एकाच छपराखाली, असा तो नमुना. १९५५ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या संयुक्त समितीने तोच मार्ग सुचवला. १९६० मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं. त्या काळात पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट करून आलेला हा अमरावतीकडचा माणूस आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळा-कॉलेजांसाठी झटला.

महाराष्ट्रात १९६८ मध्ये राज्यासाठी एक कृषी विद्यापीठ झालं. त्याचं मुख्यालय राहुरी. पण विदर्भाला आपलं विद्यापीठ अकोल्यात हवं होतं. १९६७ मध्ये त्यासाठी मोठं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला आणि त्यात माणसं दगावली. विचार करा, शाळा-कॉलेजासाठी आपल्याकडे मोर्चे निघतात, पण शेती शिकवणाऱ्या विद्यापीठासाठी लोकांनी जीव गमावले. १९६९ मध्ये अकोल्याचं विद्यापीठ झालं, त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. ते वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने आठवतं. आपण तेव्हा शाळेतही गेलो नव्हतो, आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि घरात सुकडी येत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून पहिला वर्ग निघाला होता. या दुष्काळाच्या वर्षात राज्याला चार विद्यापीठं मिळून पूर्ण झाली. फरक इतकाच की या वेळी ती लोकांनी मागून घेतली होती.

त्यांची कमाई घराघरांत आहे. परभणीची 'परभणी क्रांती' भेंडी, कोकण विद्यापीठाचा नीलम आणि हापूसच्या संकरातला 'रत्ना' आंबा, वेंगुर्ल्याचे काजू, राहुरीचं 'भगवा' डाळिंब. ही नावं आपल्या बाजारात रोज घेतली जातात, त्यांच्यामागे कुणाची पदवी आहे हे कुणी विचारत नाही.

आम्ही काय शिकलो

१९८६ मध्ये मी पुण्याच्या कॉलेजात दाखल झालो. दगडी इमारत, मागे शेत. कृषिविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, दुग्धशास्त्र. एवढंच काय, ट्रॅक्टरचं इंजिन खोलणंसुद्धा. जाळी घेऊन किडे पकडायचे, पेटीत टाचणीने लावायचे. तणांची वही करायची. आणि प्रत्येकाला एक वाफा. नांगरटीपासून मळणीपर्यंत स्वतः करायची, खर्च आणि उत्पन्न लिहायचं. शहरातल्या मुलांना वाफ्यात घाम फुटायचा आणि आम्हा खेड्यातल्यांना इंग्रजीत. चौथ्या वर्षापर्यंत दोघांचंही बरं चाललं.

या अभ्यासाने नेमकं दिलं काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्याकडच्या चुनखडी जमिनीत ऊस-भुईमूग पिवळा पडतो. आपण म्हणतो, केवडा पडला. शेतकरी युरिया टाकतो, पीक आणखी बिघडतं. कॉलेजात शिकवलं, पान नीट बघ. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. युरिया नको, हिराकस फवार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी हे एका बांधावर सांगितलं. आठ-दहा दिवसांनी रान हिरवं झालं. शेतकरी म्हणाला, "साहेब, दुकानदारानं तीन पोती इकली आसती मला." त्या दिवशी वडिलांच्या 'कागुदा'चा थोडा उलगडा झाला.

पण उलटंही तेवढंच खरं. मालदांडीची पेरणी कधी साधायची, उत्तरा नक्षत्रात की हस्ताची वाट बघायची, हे चाड्यावर मूठ धरून वडिलांना जसं कळायचं तसं मला पुस्तकातून कळलं नाही. आणि शास्त्रालाही मर्यादा असतात. आपल्या मागच्या बाकावरचा एक मित्र दहावीनंतर शेतीतच राहिला. जिल्ह्यात नाव काढावं असं डाळिंब त्याने पिकवलं. तेल्या रोग आला तेव्हा त्याने मला फोन केला. मी विद्यापीठाच्या शिफारशी सांगितल्या : छाटणी, बोर्डो मिश्रण, बहार बदलणं, बागेची स्वच्छता. त्याने सगळं केलं. तरी दोन एकर बाग काढावी लागली. याच रोगराईच्या काळात, २००५ मध्ये, सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं. आपल्या मित्राने पुन्हा लावलेली बाग आज उभी आहे, पण मधली चार वर्षं त्याची त्यालाच काढावी लागली. पदवी म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसेल.

मग पोरीला घालायचं का?

आज अ‍ॅग्रीचं चित्र बदललं आहे. प्रवेश सीईटीने होतो. शेतकऱ्याच्या मुलाला सात-बाऱ्यावर वाढीव गुण मिळतात. ज्या पदवीच्या दारात एकेकाळी शेतकऱ्याचं पोर दिसत नव्हतं, तिथे आता सात-बारा कामी येतो. शेवटच्या वर्षी मुलं-मुली गावात राहायला येतात, कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून. आमच्या वेळी वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या मुली होत्या. आता कृषिकन्यांची तुकडीच्या तुकडी गावात माती परीक्षण दाखवत हिंडताना दिसते. कृषी पदवीला व्यावसायिक पदवीचा दर्जाही मिळाला आहे.

दुसरी बाजूही सांगतो. खासगी कॉलेजं खूप निघाली आहेत, सगळीकडे शेत आणि प्रयोगशाळा सारख्या नाहीत. निम्मी मुलं दुसऱ्या वर्षापासूनच स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डोकं घालतात. सरकारी जागा थोड्या आणि रांग लांब. १९२८ ची तक्रार अजून संपलेली नाही.

म्हणून माझं सांगणं असं. नोकरीची खात्री म्हणून पाठवू नका, तशी खात्री ही पदवी देत नाही. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, त्याचं शेत बघा. विद्यार्थ्याला स्वतःचा वाफा मिळतो का ते विचारा. बियाणं, बँका, सूक्ष्म सिंचन, प्रक्रिया, निर्यात, संशोधन, पुढे एम.एस्सी. असे रस्ते आहेत. आणि घरी दोन-चार एकर असेल तर त्या मुलीलाही बांधावर हक्काने उभी राहू द्या. शिकेल ती आणि सात-बारा भावाच्या नावावर, असं करून ही पदवी वाया घालवू नका.

एक सूचना करतो आणि थांबतो. शाळेच्या मागे कार्यानुभवाच्या तासाला आपण वांगी-मिरची लावायचो ती पट्टी आता पडीक आहे. मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेत तिथे पाच गुंठ्यांचं शेत करता येईल. माती तपासून घेऊ, ठिबक टाकू, मुलांच्या हाती वही देऊ आणि प्रत्येक वाफ्याचा खर्च-उत्पन्न त्यांनाच लिहू देऊ. पहिल्या वर्षी आठवड्यातून एक तास मी येईन. डाळिंबवाला मित्रही येतो म्हणालाय. मुख्याध्यापक सरांची परवानगी मिळाली तर येत्या मृगाला सुरुवात करू. जोतीरावांनी १८८२ मध्ये मागितलेलं शेत आपल्या शाळेपुरतं तरी त्यांना देऊन टाकू.